पाहुणीभोवतीचा फेर

आमच्या घरातल्या पोरींची अख्खी पिढी तीन फेरांत वाढली. आजीची गुलाबाई, धाकट्या काकूचा भोंडला आणि गल्लीतला गरबा. तिन्ही एकाच मोसमातले, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतचे. घर सुरतेचं, उधना स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. उधन्यालाच जळगावकडे जाणारी ताप्ती लाइन फुटते. त्याच लाइनीनं आजोबा नंदुरबारकडून आले आणि आर्ट सिल्कच्या लूमवर लागले. मागाहून त्यांचे भाऊ आले, भाचे आले, गावातले आणखी कितीतरी आले. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या सगळ्या भागांत अशीच खानदेशातून आलेली घरं. महापालिकेच्या मराठी शाळेत आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली आपसांत अहिराणीच बोलायच्या.

आम्ही म्हणजे सख्ख्या, चुलत आणि आत्येबहिणी सगळ्या मिळून. आत्या दोन गल्ल्या सोडून राहायची, पण तिच्या पोरी दिवसभर आमच्याकडेच. आज कुणी नवापूरला आहे, कुणी पुण्याला, एक न्यूजर्सीला, दोघी सुरतेतच. भेटलो की बोलणं फिरून फिरून त्या महिन्यावर येतं. एकीला खाऊ आठवतो, दुसरीला आवाज, तिसरीला कुणाचे पाय कुणाच्या पायांत अडकले ते. ते सगळं एकत्र करून हे लिहिते आहे.

पहिला मान गुलाबाईचा. गुलाबाई म्हणजे पार्वती, महिनाभर माहेरी आलेली. सोबत गुलोजी, म्हणजे शंकर. मातीची रंगवलेली जोडी. सुरतेत त्या काळी तशी मूर्ती सहज मिळत नसे. आजी ती नंदुरबारहून येणाऱ्या कुणाकडून तरी मागवायची. भुसावळ पॅसेंजरमधून, गवतात गुंडाळून, डब्यातल्या गर्दीत कुणाच्या तरी मांडीवर बसून गुलाबाई यायची. एका वर्षी तिची नथ उडाली होती. आजीनं हळद-कुंकवाचा ठिपका लावून ती पुन्हा घडवली, आणि आम्हा पोरींना तीच नथ जास्त खरी वाटली.

ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव करायचा. सुरतेत ज्वारीचं धांडं कुठून आणणार? ते काम आजोबांचं. ते शनिवारी सायकल घेऊन शहराबाहेरच्या शेतांकडे जायचे आणि कॅरिअरला धांडे बांधून आणायचे. संध्याकाळी दिवे लागले की टिपऱ्या घेऊन पोरी जमायच्या. आधी बसून गाणी, मग उठून फेर. शेवटी खाऊ ओळखायचा. ज्या घरी गुलाबाई, त्या घरच्या बाईनं बंद डबा हलवायचा आणि बाकीच्यांनी नाव सांगायचं. फुटाणे, मुरमुरे आवाजावरून लगेच कळत. नानखटाईचा आवाज बोथट येई. शिरा मात्र कुणालाच कळत नसे, तो डब्यात गुपचूप बसून राही. मोठी काकू फार हुशार. ती शिऱ्याच्या डब्यात चार शेंगदाणे सुटे टाकायची आणि आम्ही सगळ्या चिवड्याचं नाव घ्यायचो.

धाकटी काकू पुण्याची. लग्न होऊन सुरतेत आली तेव्हा तिला अहिराणी कळत नव्हती, गुजराती येत नव्हती, आणि सासरच्या मोठ्या खटल्यात तिचं स्वतःचं म्हणावं असं फारसं काही नव्हतं. पहिल्याच आश्विनात तिनं भोंडला मांडला. पाटावर खडूनं हत्ती काढला, त्याला झूल, अंबारी, सोंडेत फूल. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्त नक्षत्रात येतो, त्या पावसाचा हा हत्ती. आजी दारात उभी राहून बघत होती. आजीच्या गावाकडे हत्ती नव्हता, पण हस्ताचा पाऊस होता, आणि त्या पावसावर कापूस आणि ज्वारी कशी जगते ते तिला पुण्याच्या काकूपेक्षा जास्त ठाऊक होतं. ती आत गेली आणि शेवंतीचा गजरा आणून हत्तीवर ठेवला. त्या दिवसापासून गुलाबाईच्या खोलीबाहेर, अंगणात हत्ती बसू लागला. पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत जायचं. नवव्या दिवशी काकूचा चुलीपुढे जो जीव जायचा, तो आम्हाला आता कळतो.

तिसरा फेर गल्लीचा. शेरी गरबा. मध्ये मांडवी, तिच्यात छिद्रांची मडकी, आत दिवा. शेजारच्या गुजराती बा गरबा गवडावायच्या, म्हणजे आधी त्या ओळ म्हणायच्या आणि बाकीच्या ती झेलायच्या. बांचा आवाज बारीक नव्हता, जाडच होता, आणि त्यात कापडाच्या बाजारात दिवसभर बोलून बसलेला घोगरेपणा होता. पण त्यांनी ओळ टाकली की ती शेवटच्या घरापर्यंत जाई. बे ताळी, त्रण ताळी, म्हणजे दोन टाळ्या, तीन टाळ्या, मग वेग. लूमच्या खात्यातली पाळी सुटली की पुरुष येऊन ओट्यावर बसत. त्यांच्या अंगावर धाग्याचा भुरा असे, आणि त्यांना बोललेलं नीट ऐकू येत नसे, कारण बारा तास कानात खटखट. आजोबा म्हणत, गरब्याच्या टाळ्या तेवढ्या ऐकू येतात, बाकी गाणं पोरींनी मला घरी येऊन सांगावं.

आता पायांची गोष्ट. काकूचा भोंडला प्रदक्षिणेसारखा चालायचा, हत्ती उजव्या हाताला ठेवून. गरबा त्याच्या उलटा, मांडवी डाव्या हाताला ठेवून. आम्ही दोन्ही खेळायचो, त्यामुळे आमच्या पायांना ते ठाऊक होतं. पण एका संध्याकाळी गल्लीतल्या गुजराती मुली भोंडल्याला आल्या. फेर धरला, काकूनं गाणं सुरू केलं, आणि निम्म्या मुली इकडे, निम्म्या तिकडे. हात ताणले गेले, एकीची बांगडी फुटली, दोघी हत्तीवरच पडल्या. खडूचा हत्ती फ्रॉकांना लागून पुसला गेला. काकूचा चेहरा पडला, कारण पुसलेला हत्ती म्हणजे अपशकुन असं तिला वाटलं असावं.

बा ओट्यावरून उठल्या. त्यांनी पाट पुसला, काकूच्या हातात खडू दिला, दुसरा काढ म्हणाल्या. मग आजी आणि बा, एक अहिराणीत आणि एक गुजरातीत, बराच वेळ बोलत राहिल्या. त्यातून आमच्या अंगणाचा कायदा निघाला. एक गाणं उजवं, एक गाणं डावं. गाणं संपलं की सगळ्यांनी जागेवर फिरायचं आणि उलट चालू लागायचं. पुढे कितीही वर्षं गेली तरी हा कायदा मोडला नाही. पुण्याला काकूच्या माहेरी आम्ही भोंडला खेळायला गेलो, तेव्हा दुसऱ्या गाण्याला आम्ही सगळ्या एकदम उलट फिरलो आणि तिकडच्या मुली बघत राहिल्या.

देवळात आपण देवाला उजवी घालतो, मग गरब्यात देवी डावीकडे का, असं आम्ही बांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, देवळात माताजी बसलेली असते, आपण तिच्याकडे जातो. नवरात्रात ती आपल्याकडे खेळायला येते, खेळायला आलेल्या पाहुणीला कुणी प्रदक्षिणा घालतं का? हे शास्त्र आहे की नाही, याच्याशी मला देणंघेणं नाही. पण या उत्तरातली पाहुणी माझ्या मनात घर करून राहिली, आणि पुढे तिन्ही फेरांकडे मी त्याच नजरेनं बघू लागले.

कारण बघा, मध्ये जे बसलेलं असतं ते कधीच राहायला आलेलं नसतं. गुलाबाई कोजागिरीला सासरी जाते, तिचं विसर्जन होतं. हस्ताचा पाऊस सरतो, हत्ती पुसतात. गरब्याच्या मडक्यातला दिवा नवव्या रात्रीनंतर निरोप घेतो. आमच्या घरी श्रावणातली कानबाईसुद्धा तशीच. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती येते, रात्रभर जागरण, फुगड्या, रोटांचा स्वयंपाक, आणि सोमवारी डोक्यावर घेऊन, वाटेत नाचत, तिला नदीवर नेतात. नदी तीच. प्रकाशाला जी तापी, तीच सुरतेला. आजी म्हणायची, माझ्या माहेरची कानबाई आज तिकडे पाण्यात गेली, पोचेल चार दिवसांत. जे जाणार आहे त्याच्याभोवती बाया हात धरून उभ्या राहतात, त्याला मधोमध बसवतात, त्याच्यासाठी गातात, आणि ते गेल्यावर हात सुटत नाहीत. गोल हा असा आकार आहे की त्यातलं मधलं गेलं तरी कडा राहते. पोरी लग्न होऊन गेल्या की दोन बाजूंच्या हात पुढे करून जागा भरून काढतात. नवी आली की त्याच दोघी हात सोडून तिला आत घेतात. सुरतेत जे कुणी आलं, ते तसंच आत आलं. कुणाच्या तरी दोन हातांमधून.

1994 मध्ये हे सगळं कसोटीला लागलं. त्या वर्षी अनंत चतुर्दशीनंतर लगेच गुलाबाई बसली आणि दोन-तीन दिवसांत शहरात प्लेगची बातमी फुटली. वेड रोड, कतारगामकडून माणसं मरत असल्याचं कानावर येऊ लागलं. औषधाच्या दुकानात टेट्रासायक्लिन मिळेना. लाखो लोक शहर सोडून निघाले. उधना स्टेशनवर ताप्ती लाइनीच्या गाड्यांना लोक टपावर बसले होते, तोंडाला रुमाल बांधून. आमच्या घरातही बोचकी बांधली गेली. काकांनी तिकिटं काढली नाहीत, काढायला खिडकीपाशी पोचताच आलं नाही, तसेच निघायचं ठरलं.

आजी हलेना. “गुलाबाई बठेल शे. तिले सोडीसन मी कशी जाऊ?” एवढंच ती म्हणाली. माहेरी आलेली मुलगी, तिला एकटी घरात ठेवून आईनं पळायचं कसं? बाबा चिडले, काकू रडली. शेवटी बा आल्या. त्या कुठे जाणार नव्हत्या, त्यांचं सगळं सुरतेतच. त्या म्हणाल्या, तुझी लेक माझ्या घरी राहील. आजीनं पाटासकट गुलाबाई-गुलोजी उचलले, ज्वारीचे धांडे काढून हातात घेतले आणि पलीकडच्या घरात, बांच्या देवघराशेजारी मांडले. रोज दिवा लावायचा, खाऊ दाखवायचा, आणि कुणी नसलं तरी एक गाणं म्हणायचं, अशी तीन कामं सांगितली. मग आजी गाडीत बसली.

गावी आम्ही पोरींनी त्या आश्विनात वेगळी गुलाबाई बसवली नाही, आजीनं बसवू दिली नाही. तिची एकच लेक, ती सुरतेत होती. परत आलो तेव्हा दिवाळी तोंडावर होती. बांनी कोजागिरीला तापीवर जाऊन विसर्जन केलं होतं. रोज एक गाणं म्हटलं का, असं आजीनं विचारलं. बा म्हणाल्या, तुझी गाणी मला येत नाहीत, मी तिला गरबा गवडावला, आणि एकटीनंच झेलला. आजीनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले आणि सुरत झाडून, धुऊन निघालं. त्याचं कौतुक देशभर झालं आणि ते खरंच आहे. पण आमच्या गल्लीत त्या साथीची आठवण निघाली की आधी बांच्या घरची गुलाबाई निघते.

गाणं म्हणणारीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण फेराचा जीव तिच्यात असतो. आमच्या घरात हे काम आत्याचं. तिला ठरलेली गाणी येत होतीच, पण ती त्यांत काहीही घालायची. दिवाळीचा बोनस मिळाला नाही तर तो गाण्यात यायचा. रेशनच्या साखरेत खडे निघाले तर तेही. कुणाचं लग्न जमत नव्हतं तर त्या मुलीचं नाव न घेता, नुसतं तिच्या ओढणीचा रंग सांगून, गुलाबाईला साकडं घालायची. आम्हाला ओळ नवी असायची, तरी ती टाकताक्षणी उचलावी लागे. चुकली तर फेर अडखळायचा. म्हणून कान सतत तिच्याकडे. एक बाई काय म्हणणार आहे हे माहीत नसताना पंधरा-वीस जणींनी ते तसंच्या तसं उचलायचं, ही मोठी शिकवण होती, आणि ती आम्हाला शिकवण म्हणून कुणी दिली नाही.

या आत्याच्या गाण्यामुळेच पुढे आम्हाला याकुतिया जवळचा वाटला.

त्याची ओळख झाली चुलतभावामुळे. घरातला तो एकटाच लूमवर गेला नाही, वराछाला हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसला. जगातल्या दहा हिऱ्यांपैकी नऊ भारतात घासले जातात आणि त्यांतले बहुतेक सुरतेत. त्याच्या हाताखालून रशियन रफ, म्हणजे कच्चे हिरे, पुष्कळ गेली. ती रफ सायबेरियातल्या याकुतियाहून येते. तिथले लोक स्वतःला साखा म्हणवतात. 1955 मध्ये तिथे हिऱ्यांची मीर खाण सापडली, तिच्याशेजारी मिर्नी शहर वसलं, आणि खाण खोदता खोदता जमिनीत पाचशे मीटरांहून खोल खड्डा झाला. भावाला त्या खड्ड्याचं चित्र कारखान्यात कुणीतरी दाखवलं होतं. तो म्हणायचा, इतकुसा खडा चिमट्यात धरतो तेव्हा तो खड्डा डोळ्यांपुढे येतो.

एका चांदी पडव्याला आम्ही बऱ्याच जणी सुरतेत होतो. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सुरतेत घारी ही मिठाई आणि भुसं, म्हणजे फरसाण, खायचं, गच्चीवर नाहीतर रस्त्याकडेला बसून. घारी खाता खाता भावानं फोन पुढे केला. हिरवं माळरान, मधे रंगीत कोरीव खांब, आणि माणसांचा भलामोठा गोल. हातात हात अडकवलेले, खांद्याला खांदा. एक जण गात होता, बाकीचे तेच परत म्हणत होते, आणि गोल हळूहळू सरकत होता. मोठी चुलतबहीण म्हणाली, अगं, हा तर आत्याचा फेर.

मग मी त्याच्या मागे लागले. वाचलं, आणखी चित्रफिती पाहिल्या. या फेराचं नाव ओसुओखाय. तो जूनमधल्या इस्याख या सणात होतो. याकुत्स्कला हिवाळ्यात पारा शून्याखाली 40-50 अंशांपर्यंत उतरतो, दिवस नावापुरता उजाडतो. जूनमध्ये मात्र रात्र काळी होतच नाही. तेव्हा हे लोक उघड्या माळावर जमतात, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमिसचा, नैवेद्य धरणीला आणि अग्नीला शिंपडतात, लाकडी चषकातून तो पितात, पहाटे उगवत्या सूर्याकडे तळवे करून उभे राहतात. आणि फेर धरतात. फेर सूर्याच्या चालीनं चालतो, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारखा, काकूच्या हत्तीसारखा. आरंभी संथ पावलं, नुसतं डोलणं, मग पाय उचलायला लागतात, मग उड्या. सूर्याची आकाशातली वाट, वर्षाचं फिरणं, हिवाळ्यातून जिवंत निघालेल्या माणसांनी एकमेकांना घट्ट धरणं, हे सगळं त्या गोलात आहे असं तिथली जाणती मंडळी सांगतात.

गाणारा तिथेही ठरलेलं म्हणत नाही. तो जागेवर रचतो. सूर्याला, गवताला, घोड्यांना, जमलेल्या माणसांना घेऊन ओळी करतो आणि सगळा गोल त्या उचलतो. विलुय नदीकाठच्या सुन्तार भागातले सर्गेई झ्वेरेव या फेराचे नावाजलेले गायक होते. 1900 ते 1973 हा त्यांचा काळ. मिर्नीची खाणही विलुयच्याच खोऱ्यात. म्हणजे भावाच्या चिमट्यातला खडा आणि झ्वेरेव यांचा आवाज एकाच पाण्याकाठचे. हे कळलं तेव्हा मी त्याला फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, आत्याला सांगायला हवं होतं.

इस्याखचा सूर्य हाही पाहुणाच आहे, असं मला ठामपणे वाटतं. जूनच्या त्या रात्री जो फेर धरतो त्याला पक्कं ठाऊक असतं की हा उजेड चालला. सण सरला की दिवस आखूड व्हायला लागतात. उन्हाळा पुरता यायच्या आत त्याच्या परतीची वाट सुरू झालेली असते. तरी ते रडत नाहीत, त्याला मध्ये घेऊन गातात. आजीची गुलाबाई ज्या दिवशी बसायची त्याच दिवशी आजी तिच्या पाठवणीच्या साडीचं बोलायची, ते यापेक्षा निराळं काय होतं? उणे पन्नास अंशांतली घोडेवाली माणसं आणि उधन्याच्या लूमवाल्या बाया यांची कधी गाठ पडली नाही, कुणी कुणाकडून काही घेतलं नाही. मुळं शोधायचा मोह मला नाही. पण जिथे जिथे माणसाला ठाऊक असतं की लाडकं जे आहे ते थोड्या दिवसांचं आहे, तिथे तिथे त्याला रांगेपेक्षा गोल जवळचा वाटला. रांगेत कुणीतरी मागे राहतं आणि त्याला पाहुणी दिसत नाही. आमच्याजवळ पालघर-डांगकडचा तारपा नाच आहे, त्यातही तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ करायची नाही असा रिवाज आहे. सगळ्यांची तोंडं आत.

2006 च्या ऑगस्टात तापीला पूर आला, उकाई धरणातून पाणी सोडलं आणि रक्षाबंधनाच्या सुमारास निम्म्याहून जास्त शहर पाण्याखाली. उधन्याला आम्ही बचावलो, पण काका तोवर अडाजणला राहायला गेले होते. त्यांच्या तळमजल्यात छतापर्यंत पाणी. महिन्याभरानं गुलाबाई बसायची वेळ आली तेव्हा घरात अजून गाळाचा वास होता. नंदुरबारहून मूर्ती आणायचं कुणाला सुचलं नव्हतं. काकांच्या सुनेनं त्या गाळातलीच माती चाळून, भिजवून गुलाबाई केली. ती ओबडधोबड झाली, नाक मोठं झालं. आजी तोवर थकली होती, खाटेवर बसूनच असे. तिला मूर्ती हातात दिली. तिनं ती उलटीसुलटी बघितली आणि म्हणाली, तापीनं आणली, माहेरचीच माती आहे. त्या वर्षी फेर खाटेभोवती धरला. आजी आणि गुलाबाई दोघी मधे. पुढच्या वर्षी आजी नव्हती.

पुढे गल्लीतला गरबा पार्टी प्लॉटमध्ये गेला. पास आले, स्टेज आलं, गाणारा वर गेला आणि खेळणारे खाली राहिले. मला त्याबद्दल वाईट वाटतं ते एवढ्याचसाठी की झेलणं गेलं. हजारो पोरी सुंदर नाचतात, घेर असा फिरतो की डोळे दिपतात, पण ओळ कुणी उचलत नाही, स्पीकरच सगळं म्हणतो. डिसेंबर 2023 मध्ये गुजरातच्या गरब्याला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत स्थान मिळालं तेव्हा बांच्या नातीनं आमच्या सगळ्यांना पेढे पाठवले. त्याच महिन्यात सुरतेतच, खजोदला, हिऱ्यांचा भव्य बाजार उघडला. आणि पुढच्याच महिन्यापासून रशियन हिऱ्यांवर युरोप-अमेरिकेची बंदी कडक होत गेली. बाजार आधीच मंद होता. घंट्या बंद पडू लागल्या, कारखान्यांच्या दिवाळीच्या सुट्ट्या लांबल्या. भाऊ आता घंटीवर नाही, घराच्या पुढच्या खोलीत त्यानं साड्यांना लेस लावायचं काम घेतलं आहे. घंटी सुटली त्या वर्षीच्या नवरात्रात तो म्हणाला, याकुतियातले खाणीतले लोकही बसले असतील आमच्यासारखेच.

उधन्याचं जुनं घर अजून आहे. दोघी बहिणी तिथेच राहतात आणि गुलाबाई बसते. मूर्ती आता लिंबायतच्या बाजारात मिळते, चांगली मिळते. आत्या गेल्यानंतर गाणं सांगायचं कुणी, हा प्रश्न काही वर्षं तसाच राहिला होता. फोनवर लावून पाहिलं, जमलं नाही. ओळ आधीच ठाऊक असली की पोरी ऐकत नाहीत, एकमेकींशी बोलत बसतात. मग धाकट्या बहिणीच्या मुलीनं, अठराव्या वर्षी, सुरुवात केली. ती परीक्षेचा निकाल घालते, उधना दरवाजाचा ट्रॅफिक घालते, मेट्रोच्या खोदकामाची धूळ घालते. गाणं सुटतं, पुन्हा पकडते. न्यूजर्सीवाली बहीण व्हिडिओ कॉलवर असते आणि तिची ओळ अर्ध्या पावलानं उशिरा पोचते, म्हणून तिचा शब्द नेहमी टाळीनंतर येतो. आता भाचीनं तेवढी जागा टाळीनंतर ठेवायला सुरुवात केली आहे.

माडीवर सध्या ओडिशाच्या गंजामकडचं कुटुंब भाड्यानं आहे. सुरतेच्या लूमवर आता तिकडचीच माणसं जास्त. त्यांच्या दोन मुली गेल्या वर्षी जिन्यात बसून आमचा फेर बघायच्या. बहिणीनं हाक मारली तर लाजून वर पळाल्या. मग कोजागिरीला त्यांची आई खाली आली. त्यांच्याकडे आश्विन महिनाभर मुली दोडक्याची फुलं वाहून तुळशीची पूजा करतात आणि कोजागिरीच्याच पौर्णिमेला, तिकडच्या कुमार पूर्णिमेला, तो महिना पुरा होतो. त्या रात्री मुली पुची खेळतात. उकिडवं बसून पाय आळीपाळीनं पुढे फेकायचे, साधारण आपल्या बसफुगडीच्या जवळचा प्रकार. तिनं अंगणात बसून करून दाखवलं. आमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या दोघींना ते जमलं, बाकीच्या आडव्या झाल्या. यंदा गुलाबाईला दोडक्याची फुलं लागणार आहेत. ती संध्याकाळी उमलतात, त्यामुळे फेराची वेळ अर्धा तास पुढे ढकलायची की नाही, यावर बहिणींचं बोलणं चालू आहे.